रुंद बॉर्डरची नक्षी चौथ्या कोपऱ्यात का फसते, आणि ती कशी जुळवायची

क्विल्टची बॉर्डर आठ-नऊ इंचांच्या पुढे गेली की ही तक्रार ठरलेली. मधला भाग सुरेख झालेला असतो, बॉर्डरवरची वेलही पहिल्या बाजूला झोकात निघते, आणि चौथ्या कोपऱ्याशी पोचेपर्यंत अर्धं फूल शिल्लक राहतं. नाहीतर एका कोपऱ्यात वेल आत वळलेली आणि शेजारच्या कोपऱ्यात बाहेर. मग उसवणं आलं, पुन्हा आखणं आलं, आणि दुसऱ्या खेपेला तीच चूक जागा बदलून तिसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते. महिनोन्महिने खपून केलेलं काम शेवटच्या चार टोकांशी बिघडलेलं बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हाताला सफाई नाही म्हणून हे होत नाही, क्रम उलटा असतो म्हणून होतं. आवडलेली नक्षी घेतली, एका कोपऱ्यावर ठेवली आणि तिथून पुढे उतरवत गेलं, की सगळी कसर शेवटच्या कोपऱ्याच्या माथी येते. पंगतीत पहिल्या पानांवर सढळ हाताने वाढलं की शेवटच्या पानापाशी पातेल्याचा तळ लागतो, तसंच. रुंद बॉर्डरला आधी माप लागतं, मग नक्षी किती वेळा यायची तो आकडा, मग कोपरा, आणि सगळ्यात शेवटी सरळ बाजू.

चारी बाजूंची मापं दिली की नक्षी आपोआप बसवून देणारी संगणकावर चालणारी मोठी क्विल्टिंग मशीन्स असतात. पण पुण्यात माझ्या ओळखीच्या बहुतेकजणी घरच्याच मशीनवर, डायनिंग टेबलाला टेकवून क्विल्ट करतात. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

माप कधी घ्यायचं

इथेच निम्मं दुखणं असतं. ग्राफ पेपरवर क्विल्ट आखताना जी मापं लिहिलेली असतात, त्यांवरूनच बॉर्डरची नक्षी आखली जाते. पण मधल्या भागाला टीप मारली की तो आकसतो. वॅडिंग, म्हणजे दोन कापडांमधला मऊ थर, जितकं फुगीर आणि टीप जितकी दाट, तितकं जास्त. १०० जीएसएमच्या (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाच्या) पातळ वॅडिंगवर विरळ टीप असेल तर फरक किरकोळ, २०० जीएसएमवर दाट काम केलं तर इंच-दीड इंचही सहज जातो. म्हणून बॉर्डरची नक्षी मधला भाग पूर्ण शिवून झाल्यावरच आखायची. त्याआधी कितीही हौस आली तरी फक्त नक्षीचा प्रकार ठरवून ठेवा, आकार नको.

माप बाहेरच्या कडेने घेऊ नका. बाहेरची कड ताणली गेलेली असते, ती खरं सांगत नाही. मधला भाग आणि बॉर्डर जिथे जोडली आहे, त्या शिवणीवरून मोजा. क्विल्ट जमिनीवर पसरा, हाताने थोपटून सपाट करा, ओढू नका. समोरासमोरच्या बाजू वेगवेगळ्या मोजा आणि वेगवेगळ्या लिहून ठेवा. त्यांत पाव-अर्धा इंच फरक निघाला तर घाबरायचं कारण नाही. दोन्ही बाजूंना नक्षी तितक्याच वेळा घ्यायची, फक्त प्रत्येक बाजू तिच्या स्वतःच्या लांबीत भागायची. नक्षी एकदा येते तेवढ्या लांबीला मी घर म्हणते. एका घरात दोन-तीन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक डोळ्याला कळत नाही. एक घर कमी-जास्त झालं तर मात्र लगेच कळतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. डबलबेडचं क्विल्ट, मधला भाग कागदावर ६६ गुणिले ८४ इंच, बॉर्डर १२ इंच रुंद. मधलं क्विल्टिंग झाल्यावर शिवणीवरून माप निघालं ६५.२५ आणि ८२.७५. आता ६६ आणि ८४ विसरा.

आकडा: सम की विषम

कागदावरच्या मापांना ६ ने भाग जातो, म्हणून बहुतेकजणी ६ इंचांचं घर धरतात. आखूड बाजूला ११ घरं, लांब बाजूला १४. नव्या मापांनाही हाच आकडा लावला तर घर आखूड बाजूला ५.९३ आणि लांब बाजूला ५.९१ इंचांचं येतं. वाटतं, झालं काम. शंकरपाळ्यांची जाळी काढायची असेल तर खरंच झालं. कारण शंकरपाळीचं प्रत्येक घर दोन्ही बाजूंनी सारखं असतं, १२ इंच रुंदीत बरोबर दोन घरं बसतात आणि कोपऱ्याच्या चौकोनातही दोन गुणिले दोन.

पण नागमोडी वेल काढायची असेल तर हाच आकडा घात करतो. वेलीचा एक बाक आत झुकतो, पुढचा बाहेर, पुन्हा आत. ११ बाक असले तर बाजू ज्या बाकाने सुरू होते त्याच प्रकारच्या बाकाने संपते. १४ असले तर आतल्या बाकाने सुरू झालेली बाजू बाहेरच्या बाकाने संपते. दोन बाजू विषम आणि दोन बाजू सम असल्या की चारही कोपरे एकसारखे होऊच शकत नाहीत. कितीही वेळा उसवा, चूक फक्त फिरत राहील. तिसऱ्या कोपऱ्यातली चूक दुरुस्त केली की ती दुसऱ्यात का उगवते, याचं उत्तर एवढंच आहे.

वेलीसाठी चारही बाजूंचे आकडे विषम ठेवा. सगळे सम ठेवले तरी चालतं, पण मग कोपरा आरशातल्यासारखा दुबाजू होत नाही. वेल एकाच दिशेने फिरत राहते आणि प्रत्येक कोपऱ्यात तिला तोच तिरपा वळसा पडतो. काही नक्षींना ते शोभतं. कोयरी किंवा कमळ कोपऱ्यात बसवायचं असेल तर मला विषमच आवडतं.

आता ६५.२५ आणि ८२.७५ साठी विषम जोड्या शोधू. ११ आणि १३ घेतले तर घरं ५.९३ आणि ६.३७ इंचांची येतात, फरक अर्ध्या इंचाच्या आसपास. चालण्यासारखा आहे. ९ आणि ११ घेतले तर ७.२५ आणि ७.५२, फरक पाव इंचाचा. ही जोडी उत्तम. शिवाय १२ इंचांच्या बॉर्डरला सव्वासात-साडेसात इंचांचा बाक ऐसपैस दिसतो, पानांना जागा मिळते. हा शोध कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचा आहे. तो न करता कापडावर खडू टेकवू नका.

कोपरा आधी काढा

बॉर्डर सरळ जोडलेली असो की कोपऱ्यात कर्णावर तिरक्या जोडाची, आखणीसाठी कोपऱ्यात १२ गुणिले १२ चा चौकोन स्वतंत्र धरायचा. मधल्या भागाच्या शिवणीच्या रेषा खडूने बाहेरच्या कडेपर्यंत वाढवल्या की चारही कोपऱ्यांत असे चौकोन पडतात. सरळ बाजू म्हणजे या दोन चौकोनांमधला भाग. वरची ६५.२५ आणि ८२.७५ ही मापं त्याचीच आहेत.

आता ट्रेसिंग पेपरचा १२ इंची चौकोन कापा आणि कर्णावर घडी घाला. घडीवर बोट फिरवून ती पक्की करा, उघडा, आणि घडीचं आतलं, म्हणजे मधल्या भागाकडचं टोक कुठलं, बाहेरचं कुठलं ते लिहून ठेवा, कारण कागद फिरवता फिरवता गोंधळ होतो. आतल्या टोकाला येऊन मिळणाऱ्या ज्या दोन कडा, त्या सरळ बाजूंना लागतात. त्या प्रत्येकीच्या मध्यावर, म्हणजे ६ इंचांवर, एक ठिपका द्या. वेल इथून आत येणार आणि दुसऱ्या ठिपक्यातून बाहेर जाणार.

ठिपका जुळला म्हणजे वेल जुळली असं नाही. तिचा रोखही जुळायला हवा. सरळ बाजूच्या शेवटच्या घराचा कागद या चौकोनाला कडेला कड लावून चिकटपट्टीने जोडा आणि पेन्सिल न उचलता एका कागदावरून दुसऱ्यावर जा. सांध्यावर हात थांबला तर तिथे गुडघा पडतो, आणि शिवल्यावर तो गुडघा सगळ्यांत आधी दिसतो. दुसरी जागा म्हणजे कर्ण. घडीच्या रेषेला वेलीने काटकोनातच छेदलं पाहिजे. तिरकी छेदली तर कागद उलटून दुसरी बाजू उतरवल्यावर तिथे टोक येतं. घडीच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच वेल जवळपास सरळ ठेवली की हे टळतं.

आता वेल कोपऱ्यात कुठून वळवायची? सरळ बाजूचा शेवटचा बाक बाहेर झुकलेला असेल, तर वेल सांध्याशी आतल्या दिशेने उतरत येते आणि आतल्या टोकाला चिकटून वळते. बाहेरच्या टोकाशी मोठं मैदान मोकळं राहतं. कितीही पानं कोंबली तरी ते भरल्यासारखं वाटत नाही. उलट शेवटचा बाक आत झुकलेला ठेवला, तर वेल सांध्याशी बाहेरच्या दिशेने चढत येते, कोपऱ्यात रुंद वळसा घेते आणि तिच्या पोटात फूल किंवा कोयरी बसायला छान जागा होते. १२ इंची चौकोनाचा कर्ण जवळजवळ १७ इंचांचा असतो. आतल्या टोकापासून साडेअकरा-बारा इंचांवर वेलीने कर्ण छेदला की वळसा भरदार दिसतो आणि बाहेर एका मोठ्या पानापुरती जागा उरते. म्हणून ९ आणि ११ बाकांची प्रत्येक बाजू आतल्या बाकाने सुरू करायची. आकडा विषम असल्यामुळे ती आपोआप आतल्या बाकानेच संपेल.

बाहेरच्या कडेपासून पाऊण ते एक इंच मोकळा ठेवा. गोट, म्हणजे कडेची बारीक पट्टी, लावताना पाव इंच जातोच, आणि पानांची शेंडी गोटाखाली दबली की नक्षी कापल्यासारखी दिसते.

सरळ बाजूची घरं पाडणं

९ घरांची बाजू सोपी. ६५.२५ इंचांची कागदाची पट्टी घ्यायची, तिच्या तीन घड्या, मग पुन्हा तीन घड्या. बरोबर सव्वासात इंचांची नऊ घरं पडतात. पट्टी वाढवायला पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळणारे ट्रेसिंग पेपरचे मोठे ताव एकमेकांना चिकटवून घेतले तरी चालतात. फक्त चिकटवण्याचा जोड घराच्या मध्यात येऊ द्या, घडीवर नको.

११ घरांना घडी जमत नाही. तिथे इलॅस्टिक वापरा. तुळशीबागेत मिळतं ते साधं एक इंची इलॅस्टिक सपाट ठेवून, न ताणता, दर ६ इंचांवर पेनाने रेघ मारा, एकूण १२ रेघा. दोन्ही टोकांना धरायला चार-चार इंच जास्तीचं सोडा. पहिली रेघ एका सांध्यावर टाचून टाका आणि शेवटची रेघ दुसऱ्या सांध्यापर्यंत ताणत न्या. मधल्या सगळ्या रेघा सारख्या अंतराने सरकलेल्या असतात. समोरची बाजू पाव इंचाने लहान निघाली तरी हेच इलॅस्टिक तिच्यापुरतं कमी ताणायचं, हिशेब पुन्हा करायला लागत नाही. ताणताना मध्ये कुठे धरू नका, कापडावर दाबू नका, आणि दुसरं कुणी टोक धरायला असेल तर बरं.

टेपनेच खुणा करायच्या असतील तर सेंटिमीटरमध्ये करा. ८२.७५ इंच म्हणजे सुमारे २१०.२ सेंटिमीटर, त्याला ११ ने भागलं की १९.१. प्रत्येक खूण शून्यापासून मोजा: १९.१, ३८.२, ५७.३ असं. एका खुणेपासून पुढची मोजत गेलात तर दर खुणेला होणारी केसाएवढी चूक साठत जाते आणि शेवटच्या घरात पुन्हा तीच कसर निघते.

नक्षी कापडावर उतरवणं

एका घराची नक्षी पक्की झाली की ती प्रत्येक घरात हाताने काढत बसू नका, दोन बाक कधीच सारखे येत नाहीत. कागदाचे चार-पाच थर टाचून मशीनखाली घ्या, दोरा न ओवता जुनी सुई लावा आणि टाका मध्यम ठेवून पेन्सिलच्या रेषेवरून शिवून काढा. सगळ्या थरांना एकदम भोकं पडतात. कागदाच्या खालच्या बाजूला भोकांची खरखर येते, ती बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासली की भोकं मोकळी होतात. मग कागद बॉर्डरवर सांध्याच्या खुणांना जुळवून ठेवायचा आणि खडूची पूड बांधलेली पुरचुंडी वरून फिरवायची. आपटू नका, फिरवा. कागद उचलल्यावर ठिपक्यांची रेष दिसते, ती पेनाने किंवा साबणाच्या वडीने लगेच जोडून घ्या, कारण पूड झटकली जाते. आरशासारखी उलट नक्षी हवी असेल तर तोच कागद उलटा ठेवायचा.

भरतकामासाठी ट्रेसिंग करून देणारे कारागीर रॉकेलमध्ये कालवलेला रंग फिरवतात. सुट्या कापडावर ती पद्धत छान चालते. आत वॅडिंग असलेल्या क्विल्टवर मात्र मी ती वापरू देत नाही, कारण रॉकेल आत मुरतं आणि वास लवकर जात नाही.

गडद कापडावर अंगाच्या साबणाची झिजून पातळ झालेली वडी सर्वांत चांगली. रेघ बारीक येते आणि धुतल्यावर माग राहत नाही. पाण्याने जाणारं निळं पेन वापरलं असेल तर रेघा पूर्ण जाईपर्यंत इस्त्री लावायची नाही, उष्णतेने त्या पक्क्या होतात. आधी नुसत्या गार पाण्यातून काढा, साबण नंतर. हवेने उडणारं जांभळं पेन पुण्याच्या पावसाळ्यात घेऊच नका. दमट हवेत ते आणखी लवकर उडतं, आणि चार बाजूंची आखणी एका बैठकीत शिवून होत नाही. इस्त्रीने जाणाऱ्या पेनाची शाई थंडीत परत उमटू शकते, आणि गडद कापडावर तिची पांढुरकी रेघ राहते. तुकड्यावर करून बघितल्याशिवाय ते नको.

बॉर्डर लाटांसारखी उठते तेव्हा

कोपरा न जुळण्यामागे कधी कधी हेच खरं कारण असतं. आखणी बरोबर असते, पण बॉर्डरच जास्त लांब जोडलेली असते. पट्टी कापून शिवत जायची आणि टोकाला उरेल ती छाटायची, अशी सवय असेल तर खालचं कापड मशीनच्या दातांनी ओढलं जातं, वरचं पायाखाली ताणतं, आणि बॉर्डर मधल्या भागापेक्षा इंचभर लांब होऊन बसते. मधला भाग तीन ठिकाणी, दोन्ही कडांपासून थोडं आत आणि बरोबर मध्यावर, मोजून सरासरी काढा. पट्ट्या आधी त्या मापात कापा आणि मगच टाचून जोडा.

पट्ट्या उभ्या धाग्यात, किनारीला समांतर काढा. उभं कापड कमी ताणतं. इथे पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा विचार करावा लागतो. शिवणीसकट साडेबारा इंचांच्या चार पट्ट्या म्हणजे ५० इंच. रविवार पेठेत कापड घेताना ५८ इंच पन्ह्याचं मिळालं तर सरळ जोडाच्या बॉर्डरला, लांब बाजूच्या पट्ट्या आधी लावल्या तर, अडीच मीटरमध्ये चारही पट्ट्या जोड न देता निघतात. ४४ इंच पन्ह्यात तीनच निघतात, चौथीसाठी दुप्पट लांबी घ्यावी लागते किंवा जोड द्यावा लागतो. जोड द्यायचाच तर तो बाजूच्या बरोबर मध्यावर द्या, तिथे नक्षीचा मधला बाक त्याला झाकून घेतो.

लाटांचं दुसरं कारण टिपांची दाटी. मधला भाग दाट शिवला आणि बॉर्डरवर नुसती एक वेल सोडून दिली, तर मधला भाग आकसतो, बॉर्डर तशीच राहते आणि फुगते. उलट झालं तर बॉर्डर आत ओढली जाते आणि मध्यभागी पोट येतं. रुंद बॉर्डरवर हे हमखास घडतं, कारण १२ इंचांची जागा भरायचा कंटाळा येतो. माझा साधा नियम आहे: मधल्या भागात जी सर्वांत मोठी मोकळी जागा आहे, तिच्यापेक्षा मोठी मोकळी जागा बॉर्डरवर राहू द्यायची नाही. तळहात ठेवून बघा. वेलीला समांतर दोन-तीन रेघा, पानांमागे बारीक वळणं, किंवा बाहेरच्या कडेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर सरळ रेघा, काहीही चालेल. वॅडिंगच्या पाकिटावर दोन टिपांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते लिहिलेलं असलं तर तेही पाळा, नाहीतर धुतल्यावर वॅडिंग गोळा होतं.

फुगलेली बॉर्डर शिवायच्या आधी लक्षात आली तर वाचवता येते. बाहेरच्या कडेपासून सुतभर आत सर्वांत लांब टाक्याची टीप मारा, खालचा दोरा हळूहळू ओढत कड मोजलेल्या लांबीवर आणा आणि चुण्या सगळीकडे सारख्या पसरवा. वरून वाफ द्या. पॉलिएस्टर वॅडिंगवर इस्त्री दाबू नका, ते चपटं होतं.

शिवताना कापड पुढे सरकतं

आखणी बरोबर, माप बरोबर, तरीही कोपऱ्याशी चुणी पडते. याला कारण मशीनचा पाय. तो वरचं कापड थोडं थोडं पुढे ढकलत राहतो आणि बाजूच्या शेवटी ते सगळं साठतं. यावर मला सापडलेला सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक घराच्या खुणेवर बॉर्डरच्या आरपार आडवी कच्ची टीप. वेगळ्या रंगाचा दोरा, सर्वांत लांब टाका. मग सरकलेलं कापड त्या त्या घरातच अडतं. एका घरात ते जिरून जातं, अकरा घरांचं एकत्र आलं तर जिरत नाही. नक्षी शिवून झाली की कच्चा दोरा ओढून काढायचा. बॉर्डरच्या शिवणीतूनही आधी एक सरळ टीप फिरवून घ्या, म्हणजे मधल्या भागाची हालचाल बॉर्डरपर्यंत येत नाही.

मशीनचे दात खाली, डार्निंग फूट (कापड हाताने हवं तसं फिरवू देणारा पाय), ९० नंबरची सुई, हे बहुतेकींना माहीत असतं. जास्त महत्त्वाचं म्हणजे ओझं. क्विल्टचा मोठा भाग नेहमी मशीनच्या डावीकडे राहील असं बसा, आणि तो टेबलावर टेकलेला असू दे. कडेवरून लोंबला की त्याचं वजन नक्षी खाली ओढतं आणि गोल बाक अंड्यासारखे होतात. घरगुती मशीनच्या हाताखाली सुईच्या उजवीकडे जेमतेम सहा-सात इंच जागा असते. १२ इंचांच्या बॉर्डरची बाहेरची कड तिथे गुंडाळून घ्यावी लागते, पण मधला भाग मात्र त्या फटीत कोंबावा लागत नाही. प्रत्येक कोपऱ्याला सुई खाली ठेवून अख्खं क्विल्ट फिरवायचं.

आधी चारही बाजूंची नुसती वेल पूर्ण करा. ती मिळाली की मग पानं, मग भराव. एकेक बाजू पानांसकट पूर्ण करत गेलात तर चौथ्या बाजूला पोचेपर्यंत कापड इतकं आकसलेलं असतं की आखणी सरकलेली दिसते.

नक्षी कुठून घ्यायची

साडीच्या काठावरून नक्षी घेण्याचा मोह होतो आणि तो चांगलाच आहे. पैठणीचा नारळी काठ किंवा इरकलीचा काठ बॉर्डरवर देखणा उतरतो. पण साडीचा काठ सरळ धावतो, त्याला वळावं लागत नाही. कोपऱ्याचं उत्तर साडीत नसतं, ते आपल्यालाच काढावं लागतं. ज्या वस्तूंना कोपरा असतो त्या बघा. जुन्या घरांतल्या नक्षीच्या सिमेंट टाइल्सना कडेची टाइल वेगळी आणि कोपऱ्याची वेगळी असायची. राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दरवाजे आहेत. तिथे गेलात तर उभ्या पट्टीची नक्षी आडव्या पट्टीला कशी भेटते ते वहीत काढून आणा. कारागिराने कुठे वेल वळवली आहे आणि कुठे सरळ थांबवून मध्ये फूल ठेवलं आहे, हे डोळ्याखालून घातलं की सुचायला लागतं.

पहिलीच रुंद बॉर्डर असेल तर मी वेल सुचवणार नाही. काठाला काटकोनात, पाऊण-पाऊण इंचावर सरळ रेघा मारा आणि कोपऱ्यात कर्णावर दोन्ही बाजूंच्या रेघा भेटवा. कसर कुठल्याही दहा-बारा रेघांत वाटून टाकता येते, कुणाला कळत नाही, आणि काम भरगच्च दिसतं.

अर्धं शिवून झाल्यावर चूक दिसली तर

सगळं उसवू नका. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोपरा नीट असेल तर तो तसाच ठेवा. बिघडलेल्या बाजूचा मध्य काढा आणि मध्यापासून चुकलेल्या कोपऱ्यापर्यंतचीच अर्धी बाजू उसवा. मग नीट असलेल्या अर्ध्या बाजूची नक्षी आरशासारखी उलटी करून कोपऱ्यापासून मध्याकडे आणा. दोन्ही वेली मध्यावर समोरासमोर येतात. तिथे समोरासमोर तोंड केलेल्या दोन कोयऱ्या किंवा एक कमळ बसवा. सम-विषमचा घोळ सुटतो आणि उरलेले तीन-चार इंचही त्या मधल्या नक्षीत जिरतात. समोरच्या बाजूच्या मध्यावरही तीच नक्षी बसवा, म्हणजे दोन्ही बाजू जोडीच्या दिसतील. चारही बाजूंना बसवली तर आणखी चांगलं.

उसवताना वरून ओढू नका. क्विल्ट उलटं करा, खालच्या बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापा, मग पुढून वरचा दोरा धरला की तो लांबच्या लांब निघून येतो. सुईची भोकं नखाने उभी-आडवी हलकेच घासा, ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सुती कापडात ती बुजतात. नवी आखणी कापड वाळल्यावरच करा, ओलसर कापडावर निळं पेन पसरतं आणि घराची खूण नक्की कुठे होती ते कळत नाही.